प्रोसिजरमधून गेलं की शेरा अर्धवट, आणि एरर मात्र नाही

अर्धविराम
मंडळी, तीन दिवस डोकं खाजवतोय, आता शरण आलोय.

डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २०१६ आहे. तक्रारींच्या टेबलात 'शेरा' नावाचा कॉलम, एनव्हारचार १००० (म्हणजे हजार कॅरेक्टरांपर्यंतचा मजकूर). माणूस पडद्यावर शेरा टंकतो आणि तो एका स्टोअर्ड प्रोसिजरमधून (डेटाबेसातच साठवलेला, नावाने चालवायचा कोड) टेबलात जातो. शेरा लांबला की शंभर कॅरेक्टरांनंतरचं सगळं गायब. एरर नाही, वॉर्निंग नाही. प्रोसिजर 'एक ओळ बदलली' म्हणून सांगते आणि मोकळी होते.

आतापर्यंत पाहिलेलं: कॉलमची लांबी खरोखर १००० आहे (आधी १०० होती, मागच्या महिन्यात वाढवली). मॅनेजमेंट स्टुडिओत (सर्व्हरवर थेट क्वेरी चालवायचं साधन) हाताने अपडेट लिहिलं तर पूर्ण शेरा जातो. टेबलावर ट्रिगर (नोंद बदलली की आपोआप चालणारा कोड) नाही. मग मधे कात्री कोण चालवतंय?

डेटाबेसात नवीन आहे, सांभाळून घ्या.

जुनी_वही
उत्तर तुम्हीच कंसात लिहून ठेवलंय. :-)

प्रोसिजर उघडा आणि पॅरामीटरांची (प्रोसिजरला बाहेरून मिळणाऱ्या मूल्यांची) यादी बघा. तिथे @शेरा एनव्हारचार १०० च असणार. कॉलम वाढवणाऱ्याने टेबल बदललं, प्रोसिजरला कुणी कळवलंच नाही. टेबल आणि प्रोसिजर यांच्यात लांबीचं कसलंही नातं नसतं, दोन्हीकडे तो आकडा वेगवेगळा टंकलेला असतो.

एरर का आली नाही, तर एसक्यूएल सर्व्हर दोन ठिकाणी दोन तऱ्हेने वागतो. कॉलमात न मावणारा मजकूर घालायला गेलात तर तो अडवतो (एरर ८१५२, 'स्ट्रिंग ऑर बायनरी डेटा वुड बी ट्रंकेटेड'). पण व्हेरिएबलात किंवा पॅरामीटरमध्ये न मावणारा मजकूर आला तर मावेल तेवढा ठेवतो, उरलेला टाकतो आणि पुढे जातो. तुमचा शेरा पॅरामीटरमध्ये शिरतानाच शंभरावर आला. टेबलापाशी पोचला तेव्हा तो हजाराच्या कॉलमात आरामात मावत होता. टेबलाने तक्रार कशाची करायची?

दोन ओळींत पडताळून बघा. कोड देवनागरीत टंकलाय, कॉपी-पेस्टवाल्यांनी माफ करावं:

डिक्लेअर @क एनव्हारचार(१०) = एन'स्वातंत्र्य';
सिलेक्ट @क, लेन(@क);

बाहेर येईल 'स्वातंत्र्' आणि १०. शेवटचा य गेला, त्याचा पाय मोडलेला र तेवढा राहिला. डोळ्यांना तीनच अक्षरं दिसतात, स्वा, तं, त्र्य. पण सर्व्हर मोजतो स, हलन्त, व, काना, त, अनुस्वार, त, हलन्त, र, हलन्त, य. झाले अकरा. म्हणून 'शंभर अक्षरं पुरतील' असा अंदाज देवनागरीत हमखास चुकतो. शंभराच्या कॉलमात दिसणारी अक्षरं कधी साठ, कधी पंचावन्न मावतात.

अर्धविराम
अहो खरंच! @शेरा एनव्हारचार १०० च होता. तो १००० केला, मॅनेजमेंट स्टुडिओतून एक्झेक केलं (म्हणजे प्रोसिजर चालवली), पूर्ण शेरा गेला. धन्यवाद काका!

(काका म्हटलेलं चालेल ना?)

जुनी_वही
चालेल. केस पांढरेच आहेत.

पडद्यावरूनही करून बघा. मला शंका आहे.

किरकिर
शंका मलाही आहे. ज्यांनी प्रोसिजरमध्ये आकडा टंकला, त्यांनी तो तेवढ्याच ठिकाणी टंकला असेल असं मानायला जीव धजत नाही.

अर्धविराम
तुम्ही दोघं ज्योतिषी आहात का? पडद्यावरून आता २५० वर कापलं जातंय. शंभरावरून अडीचशेवर आलो, ही प्रगती म्हणायची का?

निशाचर
ॲप्लिकेशन डॉट नेटमध्ये आहे का? असेल तर पॅरामीटर बांधतानाची ओळ शोधा. तिथे साइझ म्हणून २५० दिलेला असेल. किंमत साइझपेक्षा लांब असली की ड्रायव्हर ती आपल्या बाजूलाच कापतो. सर्व्हरपर्यंत पूर्ण मजकूर कधी येतच नाही, त्यामुळे प्रोसिजरमध्ये कितीही शोधलंत तरी हाती काही लागणार नाही.

खात्री हवी असेल तर एक्स्टेंडेड इव्हेंट्समध्ये (सर्व्हरवर काय चाललंय ते टिपणारी सोय) 'आरपीसी कम्प्लीटेड' लावा आणि पडद्यावरून एकदा सेव्ह करा. ॲप्लिकेशनने सर्व्हरला नेमकं काय पाठवलं ते जसंच्या तसं दिसतं. तिथेच शेरा तुटका दिसला तर दोष ॲप्लिकेशनचा. पूर्ण दिसला आणि टेबलात तुटला तर दोष आतला. डेटाबेसवाला आणि ॲप्लिकेशनवाला एकमेकांकडे बोट दाखवत बसतात, तेव्हा हा एक पुरावा दोघांना गप्प करतो.

आउटपुट पॅरामीटरलाही हेच लागू. तिथे तर साइझ द्यावाच लागतो, आणि कमी दिलात की परत येणारा मजकूर तेवढाच येतो.

अर्धविराम
निशाचर, सापडलं. साइझ २५०. कोणी आणि का लिहिलं ते विचारायला आता इथे कुणी उरलेलं नाही. १००० केलं, चाललं.

आरपीसीवाली युक्ती फार आवडली. आमच्याकडे खरंच दोन दिवस 'तुमच्याकडे कापतंय, आमच्याकडे नाही' चाललं होतं.

लेखणीबंद
धागा पळवतोय, क्षमस्व. माझ्याकडे शंभर-बिंभर नाही, फक्त पहिलं कॅरेक्टर साठतं. 'क्षमा' दिलं तर टेबलात 'क'. प्रोसिजरमध्ये लांबीची काही मर्यादाच घातलेली नाही, सरळ '@नाव एनव्हारचार' लिहिलंय. मर्यादा नाही म्हणजे हवं तेवढं मावायला हवं ना?

जुनी_वही
उलट आहे. व्हेरिएबल किंवा पॅरामीटरला लांबी लिहिली नाहीत तर ती १ धरली जाते. आणि प्रकार बदलणाऱ्या कास्ट किंवा कन्व्हर्टमध्ये लिहिली नाहीत तर ३०. एकाच आळसाची दोन वेगवेगळी फळं.

त्यातला ३० जास्त धोक्याचा. एकच अक्षर साठलं तर पहिल्याच दिवशी बोंब होते. तीस मात्र पुरतात. बहुतेक नावं तिसात बसतात, महिनेच्या महिने सगळं सुरळीत वाटतं, आणि मग एखादं लांबलचक नाव येतं.

लेखणीबंद
लांबी दिली, 'क्षमा' पूर्ण झाली. आभार.

सरळरेघ
मला कळत नाही, एवढी मोजदाद करायचीच कशाला? सगळीकडे एनव्हारचार मॅक्स (म्हणजे जवळपास अमर्याद) लिहा. विषय संपला.

किरकिर
विषय तिथे सुरू होतो. मॅक्स कॉलम इंडेक्सच्या किल्लीत घालता येत नाही. नॉनक्लस्टर्ड इंडेक्सच्या किल्लीला २०१६ पासून १७०० बाइट मिळतात, क्लस्टर्डला ९००, आणि मॅक्स त्यात बसवूच देत नाही. शिवाय आडनावाच्या खान्यात कोणीतरी आख्खं पत्र चिकटवलं तर तेही निमूट साठणार. लांबीची मर्यादा हा सुद्धा धंद्याचा नियमच आहे की.

सरळरेघ
मी कॉलमबद्दल नाही, पॅरामीटरबद्दल बोलतोय. पॅरामीटर ऐसपैस ठेवा, कॉलम मोजका ठेवा. मग लांब मजकूर कॉलमापाशी अडेल आणि एरर येईल. गुपचूप कापण्यापेक्षा ते बरं की नाही?

किरकिर
हे पटलं. (लिहून ठेवा, मला सहसा पटत नाही.)

अर्धविराम
पण मी प्रोसिजरच्या सुरुवातीलाच तपासणी घातली आहे. शेरा १००० पेक्षा लांब असेल तर थ्रो (म्हणजे मुद्दाम एरर उठवायची). चाचणीला १२०० चा मजकूर दिला, थ्रो होतच नाही. असं का?

खारूताई
कारण तुमचा पॅरामीटर नेमका १००० चा आहे. तपासणीची ओळ चालते तोवर १२०० चा मजकूर १००० झालेला असतो. लांबी १००० पेक्षा जास्त आहे का, असं तुम्ही अशा वस्तूला विचारताय जी १००० च्या पुढे वाढूच शकत नाही. पॅरामीटर निदान १००१ ठेवा, किंवा सरळरेघ म्हणतात तसा मॅक्स, आणि मग तपासा.

तपासताना लेन वापरू नका, डेटालेंग्थ वापरा. लेन शेवटच्या स्पेसेस मोजत नाही. डेटालेंग्थ बाइट देतं, एनव्हारचारमध्ये एका कॅरेक्टरला दोन. म्हणजे हजारासाठी मर्यादा २०००. इमोजी आला तर तो एकटाच दोन जागा खातो, आणि कापणी बरोबर त्याच्या मधोमध झाली तर मागे एक निरर्थक चौकोन राहतो.

थ्रोचा संदेश मराठीत लिहिणार असाल तर कोटाआधीचा एन विसरू नका. नाहीतर एररच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात आणि मग लोक त्यावर वेगळा धागा काढतात.

अर्धविराम
डोक्यात लख्ख उजेड पडला. ताई, धन्यवाद.

घुबड
मायएसक्यूएलवाल्यांची एक व्यथा. सर्व्हर स्ट्रिक्ट मोडमध्ये आहे. थेट इन्सर्ट केलं की १४०६ येते, 'डेटा टू लाँग फॉर कॉलम'. सगळं नियमाने. पण एक जुनी प्रोसिजर तेच इन्सर्ट करते आणि गपचूप कापते. तोच सर्व्हर, तेच टेबल, तीच ओळ. भुताटकी आहे का?

निशाचर
भुताटकी नाही, स्मरणशक्ती आहे. मायएसक्यूएल प्रोसिजर तयार होताना त्या वेळचा एसक्यूएल मोड तिच्यासोबत साठवून ठेवतं, आणि ती कधीही चालवा, त्याच मोडमध्ये चालवतं. तुमची प्रोसिजर स्ट्रिक्ट नसतानाच्या काळातली असणार. ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड आपसूक चालू असतो, त्याआधी नसायचा. अपग्रेडमध्ये सर्व्हर बदलला, प्रोसिजर आपला जुना मोड घेऊन तशीच आली.

शो क्रिएट प्रोसिजर चालवा, मोडचा रकाना दिसेल. तिथे स्ट्रिक्ट ट्रान्स टेबल्स नसेल तर सेशनचा मोड नीट करून प्रोसिजर ड्रॉप करा आणि पुन्हा तयार करा. नुसता ग्लोबल मोड बदलून तिला काही फरक पडत नाही.

घुबड
मोडचा रकाना चक्क रिकामा! पुन्हा तयार केल्यावर १४०६ आली. एरर बघून एवढा आनंद आयुष्यात पहिल्यांदा झाला.

खारूताई
घुबड, त्या प्रोसिजरमध्ये ग्रूप कॉनकॅट (अनेक ओळींतला मजकूर जोडून एक यादी करणारं फंक्शन) असेल तर तेही बघा. त्याची मर्यादा आपसूक १०२४ असते, आणि ती बाइटांत. देवनागरीचं प्रत्येक कॅरेक्टर यूटीएफ-आठमध्ये तीन बाइट घेतं, म्हणजे यादी ३४१ कॅरेक्टरांवर आटोपते. नुसत्या सिलेक्टमध्ये फक्त वॉर्निंग येते, आणि ॲप्लिकेशनमध्ये वॉर्निंग वाचतं कोण?

पीएलवाला
ओरॅकलकडून हजेरी. आमच्याकडे प्रोसिजरच्या पॅरामीटरला लांबी लिहिताच येत नाही, त्यामुळे तुमची पहिली अडचण उद्भवतच नाही. आतल्या व्हेरिएबलात मावलं नाही तर एरर ०६५०२, कॉलमात मावलं नाही तर एरर १२८९९. गपचूप काही नाही. व्हेरिएबल 'टक्का टाइप' लावून कॉलमला बांधलं की कॉलम वाढला तर व्हेरिएबलही वाढतं.

आमचं दुखणं निराळं. व्हारचार-टू २० म्हटलं की मूळ सेटिंगमध्ये ते २० बाइट असतात. जुनी_वही यांचं 'स्वातंत्र्य' यूटीएफ-आठच्या डेटाबेसात ३३ बाइट होतं, म्हणून तीन अक्षरांचा शब्द विसाच्या कॉलमात जात नाही. '२० कॅर' असं स्पष्ट लिहावं लागतं.

किरकिर
'टक्का टाइप' टी-एसक्यूएलमध्ये (एसक्यूएल सर्व्हरच्या भाषेत) असता तर हा धागाच निघाला नसता.

पोस्टाचीपेटी
पोस्टग्रेसमध्ये गंमत अशी की फंक्शनच्या पॅरामीटरवर व्हारचार १० लिहिलंत तरी तो १० सरळ दुर्लक्षित होतो. तुम्हाला वाटतं मर्यादा लावली. आत पूर्ण मजकूर येतो. मात्र स्वतः होऊन व्हारचार १० मध्ये कास्ट केलंत तर एरर न देता कापतो.

अर्धविराम
परत आलोय. शेऱ्याचं झालं, पण सोमवारी अहवालाची प्रोसिजर आडवी आली. ती निवडलेल्या निकषांप्रमाणे क्वेरी जुळवते आणि चालवते. निकष जास्त निवडले की 'इनकरेक्ट सिंटॅक्स'. @क्वेरी हे व्हेरिएबल एनव्हारचार मॅक्स आहे, तपासलं, शपथेवर! तरी प्रिंट केली तर बरोबर ४००० वर तुटलेली दिसते.

जुनी_वही
इथे दोन वेगळी प्रकरणं एकमेकांत अडकली आहेत, आधी सोडवून घेऊ.

पहिलं, प्रिंटवर विश्वास ठेवू नका. प्रिंट युनिकोडचे ४००० च कॅरेक्टर दाखवतं, साध्या व्हारचारचे ८०००. क्वेरी धडधाकट असली तरी ती ४००० वर तुटलेलीच दिसणार. मॅनेजमेंट स्टुडिओही आपल्या परीने कापतो. निकाल टेक्स्टमध्ये घेतलात तर आपसूक २५६ वर, ग्रिडमध्ये बऱ्याच आवृत्त्यांत ६५५३५ वर. म्हणून आधी लेन(@क्वेरी) सिलेक्ट करून आकडा बघा. ४००० पेक्षा जास्त आला तर क्वेरी शाबूत आहे आणि सिंटॅक्सची चूक दुसरीकडे आहे. बरोबर ४००० आला तर दुसरं प्रकरण.

दुसरं असं. व्हेरिएबल मॅक्स आहे हे खरं, पण बेरीज (म्हणजे + ने तुकडे जोडणं) आधी होते आणि उत्तर व्हेरिएबलात नंतर जातं. तुमची ओळ साधारण अशी असेल:

सेट @क्वेरी = एन'सिलेक्ट ...' + @निकष१ + @निकष२ + @क्रम;

उजवीकडच्या तुकड्यांत एकही मॅक्स नसेल तर त्यांची बेरीज एनव्हारचार ४००० च्या पुढे जात नाही. तिथे कापलं गेलेलं मग ऐसपैस @क्वेरीत जाऊन बसतं. बेरीज डावीकडून उजवीकडे होते, म्हणून मॅक्स अगदी पहिला हवा. शेवटी लावलात तर तोवरचं नुकसान झालेलं असतं. सुरुवात कास्ट(एन'' ॲज एनव्हारचार(मॅक्स)) + ने करा, पुढचं सगळं मॅक्स होत जातं.

एक खोच अजून. 'प्लस-इक्वल' लिहून @क्वेरी += @अ + @ब केलंत तर आधी उजवीकडचं @अ + @ब होतं, त्यानंतर ते @क्वेरीला जोडलं जातं. म्हणजे ती बेरीज पुन्हा चार हजारांच्या खोड्यात. तुकडे एकेक करून जोडा.

निशाचर
सिंटॅक्सची एरर आली हे नशीब समजा. क्वेरी अशा जागी तुटली की उरलेला भाग व्याकरणात बसतो, तर ती चालते. शेवटचा 'अँड'चा निकष नेमका गळला की अहवालात नको त्या ओळी येतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. अहवालाच्या जागी डिलीट असेल तर काय होईल ते लिहीत नाही.

सुरक्षेचा मुद्दाही आहे. वापरकर्त्याच्या मजकुरातले कोट दुप्पट करून क्वेरीत जोडण्याची जुनी पद्धत असते. दुप्पट केलेला मजकूर तोकड्या व्हेरिएबलात ठेवला आणि कापणी जोडीतल्या दोन कोटांच्या मधे झाली, तर एकटा कोट उरतो आणि पुढची क्वेरी उघडी पडते. शक्य तिथे मजकूर जोडूच नका, एसपी एक्झिक्यूट एसक्यूएलला (जुळवलेली क्वेरी चालवणारी सर्व्हरची तयार प्रोसिजर) पॅरामीटर म्हणून द्या.

अर्धविराम
लेन बरोबर ४००० आला. कास्ट पुढे लावला, आता ५३१२, अहवाल निघाला!

आणि त्याच अहवालात एक नमुना हाती लागला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. कारणाच्या रकान्यात ठिकठिकाणी 'माहित' असं येत होतं. मी समजत होतो की कोणीतरी कारण 'माहित' आहे असं नोंदवलंय. कोड बघितला: इझनल(कारण, एन'माहिती नाही'), म्हणजे कारण भरलेलं नसेल तर 'माहिती नाही' दाखव. कारणाचा कॉलम एनव्हारचार ५.

खारूताई
हाहाहा! म, काना, ह, वेलांटी, त. पाच झाले, बाकीचं कापलं. 'माहिती नाही'चं 'माहित' झालं. अर्थ अगदी शीर्षासनात.

इझनल उत्तराला पहिल्याच्या प्रकाराचा आणि लांबीचा साचा लावतं. पहिला पाचाचा, तर पर्यायी मजकूरही पाचाचाच. कोअलेस वापरा, ते दोघांतली मोठी लांबी घेतं, तुमच्या बाबतीत ११.

सरळरेघ
ही वाचनखूण साठवली.

पीएलवाला
माझ्या डोक्यात आता 'कारण: माहित' हा शिक्काच बसलाय.

निशाचर
अवांतर नाही, विषयातलंच. कुणाच्या जुन्या प्रोसिजरमध्ये 'सेट अँसी वॉर्निंग्ज ऑफ' दिसलं तर थांबा. बेरजेत नल (न भरलेलं मूल्य) वगळल्याची ती त्रासदायक वॉर्निंग बंद करायला लोक हे टाकतात. पण ते बंद केलं की ८१५२ सुद्धा बंद होते, आणि मग कॉलमही पॅरामीटरसारखाच निमूट कापू लागतो. वॉर्निंगचा कंटाळा आला म्हणून कुणीतरी एररचंच तोंड बांधलेलं असतं.

८१५२ वरून आठवलं. ती एरर कोणत्या कॉलमात हे सांगायची नाही. चाळीस कॉलमांचं इन्सर्ट असलं की एकेक मोजत बसा. २०१९ मध्ये, डेटाबेसची कंपॅटिबिलिटी लेव्हल १५० असेल तर, तिच्या जागी २६२८ येते, आणि ती टेबल, कॉलम आणि कापलं जाणारं मूल्य तिन्ही सांगते. अर्धविराम, तुमच्या २०१६ वरही सर्व्हिस पॅक २ चा सहावा क्युम्युलेटिव्ह अपडेट असेल तर ट्रेस फ्लॅग ४६० लावून ती मिळते. २०१७ ला बारावा लागतो. पॅरामीटरमधली कापाकापी मात्र यातलं काहीच पकडत नाही.

मी_पुन्हा_विचारतो
सगळा धागा वाचला, तरी माझं कोडं सुटलं नाही. आमची प्रोसिजर 'फॉर जेसन' लावून (म्हणजे निकाल जेसन या मजकूर-स्वरूपात) उत्तर देते. मॅनेजमेंट स्टुडिओत जेसन पूर्ण. ॲप्लिकेशनमध्ये अर्धवट, पार्सर रडतो. पॅरामीटर नाहीच, साइझ नाहीच, मॅक्सही नाही.

जुनी_वही
किती कॅरेक्टरांवर तुटतं?

मी_पुन्हा_विचारतो
२०३३.

जुनी_वही
मग ॲप्लिकेशनमध्ये 'एक्झिक्यूट स्केलर' आहे.

फॉर जेसन आणि फॉर एक्सएमएल यांचं लांब उत्तर सर्व्हर एका ओळीत देत नाही, साधारण दोन केबीचे तुकडे करून अनेक ओळींत पाठवतो. स्टुडिओ ते तुकडे जोडून दाखवतो. एक्झिक्यूट स्केलर पहिली ओळ घेतं आणि चालू पडतं. कापलं काहीच गेलेलं नाही, तुम्ही पुढच्या ओळी वाचल्याच नाहीत. रीडर लावून सगळ्या ओळी वाचा आणि जोडा. किंवा प्रोसिजरमध्येच ते सगळं एका एनव्हारचार मॅक्स व्हेरिएबलात घ्या आणि ते सिलेक्ट करा.

मी_पुन्हा_विचारतो
जोडलं, झालं. पण तुम्हाला न बघता कसं कळलं?

जुनी_वही
आकड्यावरून. म्हणून मी आधी नेहमी 'किती वर तुटतं' एवढंच विचारतो. तो आकडाच बहुतेक वेळा कापणाऱ्याचं नाव सांगतो. १ किंवा ३० आला तर कुणीतरी लांबी लिहायला विसरलंय. २५६ आला तर डेटाबेसला दोष द्यायच्या आधी दाखवणारं साधन बघा, एसक्यूएलसीएमडीसुद्धा मॅक्स मजकूर आपसूक २५६ वरच तोडतं. २०३३ म्हणजे जेसन नाहीतर एक्सएमएल. ४००० किंवा ८००० म्हणजे बेरीज, प्रिंट, नाहीतर रेप्लिकेट किंवा रिप्लेससारखं फंक्शन, ज्याला मॅक्स दिलेला नाही. आणि १००, २५०, ५०० असले गोल आकडे माणसाने हाताने टंकलेले असतात. ते कुठल्याही पुस्तकात सापडत नाहीत, तुमच्याच कोडमध्ये शोधावे लागतात.

म्हणून 'अर्धवट येतंय' एवढंच लिहिलेला धागा बघितला की मला काही सुचत नाही.

अर्धविराम
मग मी पहिल्याच पोस्टमध्ये १०० लिहिलं ते नकळत बरोबर केलं म्हणायचं.

आता असे हाताने टंकलेले आकडे बाकीच्या प्रोसिजरमधून कसे हुडकायचे? प्रोसिजर बऱ्याच आहेत.

खारूताई
सिस डॉट पॅरामीटर्स आणि सिस डॉट कॉलम्स (सर्व्हरने स्वतः ठेवलेल्या पॅरामीटरांच्या आणि कॉलमांच्या याद्या) नावावरून जोडा, म्हणजे @शेरा आणि शेरा, आणि मॅक्स लेंग्थ वेगळी असलेल्या ओळी काढा. दोन्हीकडे आकडा बाइटांत असतो, एनव्हारचारचा दुप्पट दिसेल, मॅक्सचा उणे एक. नावं जुळत नसतील तिथे डोळेच वापरायचे. आतली डिक्लेअर केलेली व्हेरिएबलं यात येत नाहीत, त्यासाठी सिस डॉट एसक्यूएल मॉड्यूल्समधल्या कोडात शोध घ्या.

अर्धविराम
या क्वेरीने तीन प्रोसिजर पकडल्या. दुरुस्त केल्या.

शेवटचं एक. महिनाभर जे शेरे तुटके साठले, ते कसे ओळखायचे? परत मिळणार नाहीत ते कळतंय, निदान यादी तरी. मी कॉलम वाढवल्यानंतरच्या नोंदींपैकी लेन बरोबर १०० असलेल्या काढल्या, ६७ आल्या. त्यातल्या पूर्णविरामाने संपणाऱ्या चार तपासल्या, त्या खरोखरच शंभरच्या होत्या. उरलेल्या ६३ लोकांना पुन्हा विचारावं लागणार.

किरकिर
६३ पेक्षा जास्त असतील. खारूताईंनी वर काय सांगितलं होतं? लेन शेवटची स्पेस मोजत नाही. ज्या शेऱ्याचं शंभरावं कॅरेक्टर नेमकं दोन शब्दांमधली स्पेस होतं, तो तुम्हाला ९९ दिसतोय. डेटालेंग्थ २०० ने शोधा.

अर्धविराम
७८ आल्या. वाढलेल्या अकराही तुटक्या. त्यातला पहिला उघडला: '... दुरुस्ती झालेली आहे असे कळवले, परंतु ' आणि पुढे कोरं.